कूलरवाल्याची शिडाची नाव

वलगाव रोडवर रहमतुल्लाभाईंचं कूलरचं दुकान आहे. पत्र्याचं शेड, रस्त्यापर्यंत आलेल्या कूलरच्या बॉड्या आणि त्यातून आत शिरायला अंग चोरून जावं लागेल एवढी वाट. फेब्रुवारी उजाडला की या माणसाशी दोन शब्द बोलायची सोय राहत नाही. एक तर ते टाकीला डांबर लावत बसलेले असतात, नाही तर कुणाच्या तरी गच्चीवर चढून कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलत असतात. मी त्यांचा शेजारी, जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहायक. एकवीस वर्षांत मी त्यांना मे महिन्यात सावलीत बसलेलं पाहिलेलं नाही. अख्ख्या अमरावतीला गार हवा देणारा हा माणूस उन्हाळाभर उघड्या डोक्यानं उन्हात असतो, हे पाहून मला त्यांचा राग येतो. मी तापट आहे, आणि पुढं जे झालं त्यात माझा दोष मोठा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पोळ्यानंतर त्यांचं दुकान थंडावतं. मग ते धान्याच्या कोठ्या आणि पत्र्याच्या पेट्या ठोकतात. मागच्या वर्षी अशाच एका संध्याकाळी ते मोबाईल हातात धरून माझ्या ओसरीवर आले.

"अनुपभाऊ, तुमी नेवीत होते न?"

मी नेव्हीत नव्हतो. कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या नेव्हल विंगमध्ये होतो. दहा दिवसांच्या कॅम्पमध्ये सहा दिवस मला ताप होता, दोन दिवस मी बटाटे सोलले आणि दोनदा शिडाच्या बोटीत बसलो. दोन्ही वेळा मला एक दोरी धरून गप्प बसायला सांगितलं होतं. पण गल्लीत गप्पा मारताना मी ही गोष्ट वर्षानुवर्षं फुगवत नेली, आणि आता मी नेव्हीतला झालो होतो. मी म्हणालो, "हो, होतो की."

त्यांनी मोबाईल पुढं केला. परदेशातला एक म्हातारा छोट्या नावेत एकटा बसला होता. वर पांढरं शीड, खाली पाणी. बाकी आवाज काही नाही.

"पाहा, हवा हाय अन् मोटर नाई," रहमतभाई हळूच म्हणाले. "तीस वर्सं झाले, माह्या कानात पंखा फिरून राहिला. दुकान बंद केलं तरी फिरते, नमाजले उभा राहिलो तरी फिरते. मले एकडाव असं एकट्याले बसाचं हाय."

एवढंच असतं तर गोष्ट सोपी होती. पण त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीची, कहकशाँची, तारीख ठरली. ती फार्मसी शिकलेली, एका औषधाच्या दुकानात कामाला, घरातलं एकुलतं एक लेकरू. निकाह जानेवारीत, मुलगा अकोल्याचा. तारीख ठरली त्या रात्री शहाजादीभाभींनी जेवण वाढता वाढता नवऱ्याला सुनावलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळी दुनिया फिरायला जाते आणि आपल्या घरात तेव्हाच दुकान जोरात असतं. पोरगी लहानाची मोठी झाली, तिघं मिळून कधी कुठं गेलो नाही. आता ती जायच्या आधी एक दिवस, फक्त एक दिवस, तिघं सोबत कुठंतरी चला. भाभींनी याहून जास्त काही मागितलं नाही.

रहमतभाईंच्या डोक्यात या दोन गोष्टी एकात एक मिसळल्या. एकट्यानं बसायची नाव आणि तिघांनी फिरायची नाव. त्यांनी ठरवलं, घ्यायची तर एकच घ्यायची, सिंभोऱ्याच्या धरणावर न्यायची, आणि दोन्ही हौशी भागवायच्या. तिथून आमच्या गोंधळाला सुरुवात झाली.

त्यांनी गोव्याच्या, मुंबईच्या, कुठल्या कुठल्या विकणाऱ्यांना फोन लावले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच, किती माणसं बसणार? सोमवारी रहमतभाई सांगत, एकटा. मंगळवारी सांगत, तीन. बुधवारी, "एक, पन कधीमधी तीन." एकानं निमुळती प्लास्टिकची नाव दाखवली, तिच्यात एका माणसालाही गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागत होतं. दुसऱ्यानं आठ जणांची दाखवली, ती पाण्यात ढकलायलाच आठ जण लागले असते. तिसऱ्याची हवा भरून फुगवायची होती. ती पाहून मी म्हणालो, "बाभळीचा एक काटा लागला की संपलं." मग त्यांनी विचारलं, कूलरच्या पत्र्याचीच नाव ठोकली तर? बावीस गेजचा पत्रा पडलेला आहेच. मी त्यांना वाट्टेल तसं बोललो. ते शांतपणे ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी नवीन शंका घेऊन येत. "भाऊ, रुंद नाव चांगली की लांब चांगली? एक शीड पायजे की दोन? पुढचं छोटं शीड कायले असते?" मला यातलं एकही उत्तर येत नव्हतं. मी दरवेळी काहीतरी ठोकून द्यायचो, आणि परवा काय सांगितलं ते आज आठवत नसल्यामुळं आज उलटं सांगायचो. ते बिचारे दोन्ही गोष्टी पावतीपुस्तकाच्या मागं लिहून घेत.

दसऱ्यानंतर ते व्याह्यांना भेटायला अकोल्याला निघाले आणि मलाही घेऊन गेले. तिथं कुणीतरी सांगितलं की महानच्या धरणाच्या बाजूला एक रिसॉर्ट बंद पडलंय, तिथं शिडाची बोट आहे. आम्ही गेलो. बोट उपडी पडली होती आणि तिच्या सावलीत चार बकऱ्या रवंथ करत होत्या. तिथला राखणदार सहदेव, तिशीतला गडी, बकऱ्या हाकलत म्हणाला, "मालकानं विकाले सांगतली हाय. पन पयलेच सांगतो, बाप्पा, इच्या बुडाले फट हाय. मांगून बोंबलू नका."

खरंच होती. बुडाच्या मधोमध हातभर लांब, सरळ, बोटभर रुंद फट. बोट उलथवून सुलटी केली तर त्या फटीवर आत एक उभी अरुंद पेटी बसवलेली, वरून उघडी. जवळच एक जाड फळी पडली होती, तिच्यावर सहदेवनं पाण्याचे माठ मांडले होते. तो म्हणाला, ही फळी बोटीसोबतच आली, कशाची ते त्याला ठाऊक नाही.

रहमतभाईंनी माझ्याकडं पाहिलं. "भाऊ, हे काय असन?"

मला अंधुक आठवलं. कॅम्पमध्ये मी दोरी धरून बसलेलो असताना कुणीतरी मधोमध एक फळी खाली ढकलली होती. का ढकलली, ते मी तेव्हा विचारलं नव्हतं. आता 'मला माहीत नाही' एवढे तीन शब्द बोलायची मला लाज वाटली. मी म्हणालो, "असेल काहीतरी, वजनासाठी. मुरलेल्या माणसाला लागत नाही."

बोट टेम्पोत चढली. सोबत शीड, काठी, सुकाणू आणि तीन केशरी लाईफ जॅकेटं आली. फळी सहदेवच्या माठांखालीच राहिली.

दुकानासमोर बोट उतरवली तेव्हा निम्मी गल्ली जमा झाली. रहमतभाईंनी भाभींना आणि कहकशाँला तिच्यात बसवून पाहिलं, गिऱ्हाइकाच्या खिडकीचं माप घेतात तसं. कहकशाँ पुढं बसली. भाभींची मात्र पंचाईत झाली. त्यांचा उजवा गुडघा दुमडत नाही, पाय लांब करूनच बसावं लागतं, आणि पाय लांब करावा तर ती पेटी मधोमध आडवी येत होती. त्यांनी एक-दोनदा अंग वळवून पाहिलं, मग उतरल्या आणि म्हणाल्या, "तुम दोनो जाओ. मैं किनारेपे बैठती."

रहमतभाईंचा चेहरा पडला. ज्या एका दिवसासाठी हे सगळं चाललं होतं तो दिवस त्या पेटीपाशी अडला होता. ते बराच वेळ पेटीवर हात फिरवत राहिले. ज्या माणसानं आयुष्यभर टाक्यांच्या फटी बुजवल्या, त्याच्यासमोर बुडाला फट असलेली नाव पडली होती. त्याचे हात शिवशिवणार नाहीत तर काय होणार?

"अनुपभाऊ, पेटी कापून टाकू? फटबी बंद होईन अन् हिचा पायबी मावन."

मी 'काढा' म्हणालो. हा माझा गुन्हा. कुणी विचारलं तर मी आजही तो कबूल करतो.

त्यांनी ग्रायंडर लावून पेटी उडवली आणि फट अशी बुजवली की हात फिरवून सापडू नये. फायबर, त्यावर एम-सील, त्यावर डांबर. मग कूलरची टाकी तपासतात तशी तपासणी केली. म्हणजे नाव पाण्यात न टाकता नावेतच पाणी भरलं. नळाची नळी सोडून काठोकाठ भरली आणि एक दिवस-एक रात्र तशीच ठेवली. येणारेजाणारे थांबून विचारायचे, "काय रहमतभाई, मासे पाळून राहिले का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी नावेखाली पसरलेला वर्तमानपत्राचा कागद उचलून मला दाखवला. कोरडा ठणठणीत. "एक थेंब नाई, भाऊ." त्यांना इतकं खूश मी क्वचित पाहिलंय.

सिंभोऱ्याला देवमन भोई हे मच्छीमार सोसायटीचं काम पाहतात. साठीचा कमी बोलणारा माणूस. सोसायटीच्या कागदावर परवानगी वगैरे त्यांनीच पाहिलं. त्यांनी नावेभोवती दोन चकरा मारल्या. "आमच्या डोंग्याले शीड नसते. मले यातलं काई समजत नाई. तुमचे नेवीवाले काय म्हनते?" नेवीवाले आकाशाकडं पाहत होते. त्या सकाळी वारा नव्हता. रहमतभाई काठाजवळ, देवमनच्या हातात दोरी देऊन, तासभर एकटे बसून आले. शीड लोंबतच होतं. परत आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? ते म्हणाले, "समजलं नाई. शांत तं होतं. पन मी तिथं बसून इचार हेच करत होतो की या दोघी कुठी बसतीन." माणसाला एकटं बसायचं होतं की नव्हतं, हे त्यांनाही कळेना आणि मलाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी तिघं निघाले. भाभींनी खिचडा, भाजलेले दाणे, संत्री असं भरपूर बांधून आणलं होतं. त्यांचा पाय छान लांब झाला. कहकशाँनं आईच्या पाठीला उशी लावली. रहमतभाई मागं सुकाणू धरून बसले. तिघांच्या अंगात केशरी जॅकेटं. मी आणि देवमन काठावर. वारा आमच्या पाठीकडून येत होता. देवमननी नाव ढकलली, शीड भरलं आणि नाव निघाली. मोटर नाही, आवाज नाही, आणि नाव चालली आहे.

अर्ध्या तासानं शीड अंगठ्याएवढं दिसायला लागलं तेव्हा मी फोन लावला. "रहमतभाई, आता वळा."

"वळवून राहिलो, भाऊ. तोंड वळते, पन नाव वळत नाई."

"म्हणजे काय?"

"म्हंजे तोंड तुमच्याकडे हाय अन् आमी तिकडेच चाललो. आडवे. खेकड्यावानी." मागून भाभींचा आवाज आला, "किससे बात कर रहे? क्या हो रहा?" मग कहकशाँ फोनवर आली. "काका, दोरी ओढायची की सोडायची? डावीकडे की उजवीकडे?"

मी एकदा ओढ म्हणालो, एकदा सोड म्हणालो. माझी डावी-उजवी मलाच कळेना. आणि तेव्हा, पाण्याकडं पाहता पाहता, ती कॅम्पमधली फळी मला आठवली. कुणीतरी ती अशाच पेटीतून, बुडाच्या फटीतून खाली ढकलली होती आणि बाजूला घसरणारी बोट एकदम ताठ होऊन पुढं निघाली होती. ती फळी पाण्यात उभी राहून नावेला आडवं सरकू देत नाही. तिच्याशिवाय नाव वाऱ्यासोबत जाते, वाऱ्याविरुद्ध परत येत नाही. एवढंच होतं ते. तीस वर्षांनी, नको त्या क्षणी, मला समजलं. तेवढ्यात फोन कटला. देवमन म्हणाले, "काय झालं?" मी त्यांना सगळं सांगितलं. मी नेव्हीत नव्हतो, हेही सांगितलं.

त्यांनी मला एक शिवीही दिली नाही, आणि तेच जास्त लागलं. सोसायटीचा इंजिनाचा डोंगा जाळ्यांवर गेला होता, तो यायला दीड तास लागला. त्या दीड तासात पलीकडून काही कळेना, फोन लागेना. लांबून शीड पडलेलं दिसलं, मग तेही दिसेना. भाभींचा गुडघा, थंड पाणी, पंधरा दिवसांवर आलेलं पोरीचं लग्न, सगळं माझ्या डोक्यात फिरत होतं. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.

आम्ही पलीकडे पोचलो तेव्हा नाव चिखलात तिरपी पडली होती. वर गवतात शीड अंथरलेलं. त्यावर भाभी पाय लांब करून संत्रं सोलत होत्या. रहमतभाई बायकोच्या शेजारी उताणे पडले होते, डोक्याखाली लाईफ जॅकेट. कहकशाँ त्यांच्या तळव्यात लागलेला काटा काढत होती. खिचडा संपला होता. मला पाहून पोरगी म्हणाली, "काका, इतक्या लवकर काहून आले?"

मी एका दमात सांगून टाकलं. ती पेटी काढायला नको होती, माठांखालची फळी आणायला हवी होती, मला माहीत नव्हतं, मी खोटं बोललो. रहमतभाई उठून बसले.

"म्हंजे पेटी अन् फळी असती तं वापस आलो असतो?"

"हो."

"पन हिचा पाय मावला नसता."

"नसता."

ते दोन्ही हातांनी डोकं खाजवत बसले. राग यावा की येऊ नये, ते त्यांना ठरवता येत नव्हतं. शेवटी नुसतं म्हणाले, "मंग बराबर काय होतं, भाऊ?"

उन्हं कलली होती. देवमननी नावेला दोरी बांधली. ते म्हणाले, भरलेली नाव ओढली तर ती डावीउजवीकडे झोके खाईल, म्हणून बायामाणसांनी डोंग्यात यावं. "एकजन तेवढा नावेत बसा, सुकाणू सरळ धरून." ते काम अर्थातच रहमतभाईंचं. मी भाभींना हात देऊन डोंग्यात घेतलं. कहकशाँ आईला टेकून बसली, आमच्या किनाऱ्याकडं तोंड करून. इंजिन सुरू झालं, दोरी ताणली गेली.

नावेत रहमतभाई एकटे होते. ज्या गोष्टीसाठी ते चार महिने तडफडले ती आता आयती मिळाली होती. चहूकडं पाणी आणि पुऱ्या नावेत एकटा माणूस. इंजिनाचा आवाज आमच्या डोंग्याचा, त्यांच्या नावेत मोटर नव्हती. मी मागं वळून पाहिलं, ते हात हलवतील म्हणून. ते पाण्याकडं पाहत नव्हते. सुकाणू दोन्ही हातांनी छातीशी धरून ते पोरीच्या पाठीकडं पाहत होते, आणि रडत होते. तोंड न झाकता, आवाज न करता. भाभींनीही वळून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

मग पाण्यावरून त्यांची हाक आली.

"कहकशाँ! इधर देख के बैठ ना, बेटा!"

पोरगी उठली. डोंगा डुगडुगला तशी मी तिचा हात धरला. ती फिरली, बापाकडं तोंड करून बसली आणि किनारा येईपर्यंत तशीच बसून राहिली.